हॅरी ब्रिग्ज: नौदल, पेट्रोल पंप आणि शाळेची बस

अनघा_कॅरोलायना

१७ मे जवळ आला की अमेरिकेत 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या १९५४ च्या निकालाची आठवण काढली जाते. सरकारी शाळांत काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगवेगळं बसवणं घटनेला धरून नाही, असं त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं. कोर्टानं पाच ठिकाणचे खटले एकत्र ऐकले होते. त्यांतला सर्वांत आधी सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलेला खटला ब्राऊन यांचा नव्हता. तो होता साउथ कॅरोलायनातल्या समर्टन नावाच्या लहानशा गावचा, 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट'. हे ब्रिग्ज म्हणजे हॅरी ब्रिग्ज, दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम करून घरी आलेले. मी याच राज्यात राहते. इथल्या आपल्या मराठी मंडळींनाही हे नाव माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

ब्रिग्ज गावातल्या पेट्रोल पंपावर कामाला होते. गाड्यांत पेट्रोल भरायचं, टायर बदलायचे, ग्रीस मारायचं. त्यांची बायको इलायझा गावातल्याच मोटेलात खोल्या आवरायची. पाच मुलं होती. त्या क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांना शाळेत ने-आण करायला ३० बस होत्या आणि काळ्या मुलांना एकही नव्हती. काळ्या मुलांची संख्या मात्र जवळजवळ पावणेतीनपट होती: ६,५३१ विरुद्ध २,३७५. लीव्हाय पिअर्सन नावाच्या शेतकऱ्याची मुलं शाळेला नऊ मैल चालत जायची. धरण बांधून लेक मॅरियन झाला, त्यानंतर पाणी चढलं की काही मुलांचा रस्ताच बुडायचा आणि ती होडीतून पलीकडे जायची.

पालकांनी आधी भांडण केलंच नाही. पदरचे पैसे घालून एक जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडायची. मग निदान पेट्रोलचा खर्च तरी द्या, असं शाळेच्या मंडळाला विचारलं, तर तेही नाही म्हणाले. तुम्ही लोक कर कमी भरता, मग गोऱ्यांनी तुमच्या मुलांच्या बसचे पैसे का द्यायचे, असा त्यांचा सूर. या मंडळाचे अध्यक्ष आर. डब्ल्यू. एलियट, तेच खटल्याच्या नावातले.

जोसेफ डीलेन हे तिथले पाद्री आणि शिक्षक. त्यांनी पिअर्सन यांना पुढे करून १९४८ साली बससाठी दावा लावला. पिअर्सन यांची जमीन दोन शाळा-हद्दींवर पसरलेली होती, ते कर एका हद्दीत भरत आणि मुलं दुसरीत शिकत. एवढ्यावर दावा निकालात निघाला. पिअर्सन यांना बियाणं-खतासाठी उधार मिळेनासं झालं. तेव्हा थर्गुड मार्शल (काळ्या नागरिकांच्या संघटनेचे वकील, पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले काळे न्यायाधीश) यांनी सांगितलं की एका माणसावर खटला उभा राहणार नाही, वीस जण आणा.

वीस जण गोळा करायला डीलेन यांना आठ महिने लागले. १९४९ च्या नोव्हेंबरात ब्रिग्ज यांच्या घरी सह्या झाल्या. मागणीही आता एका बसवर थांबली नव्हती, सगळ्याच बाबतीत बरोबरीचं शिक्षण मागितलं होतं. वर्णक्रमानं पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं आलं, आणि तेच खटल्याला चिकटलं.

आता जरा थांबून वाचा. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी पंपाच्या मालकानं ब्रिग्ज यांच्या हातात सिगरेटचं एक कार्टन भेट म्हणून ठेवलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. इलायझाला मोटेलवाल्यांनी सांगितलं की नवऱ्याला नाव मागे घ्यायला लाव. ती म्हणाली, तो मोठा माणूस आहे, त्याचं तो बघेल. तिचंही काम गेलं. ब्रिग्ज शेती करायला लागले तर कर्ज मिळेना. त्यांची गाय सुटून गोऱ्यांच्या कबरस्तानात गेली आणि एका थडग्यावर तिचा पाय पडला, तर गावच्या अधिकाऱ्यांनी गायीला 'अटक' केली. गोऱ्या वस्तीत हा हसण्याचा विषय झाला होता. शेवटी ब्रिग्ज कामासाठी फ्लोरिडाला गेले आणि तिथून घरी पैसे पाठवत राहिले. इतर सह्या करणाऱ्यांच्या कसायला घेतलेल्या जमिनी गेल्या, त्यांचा कापूस जिनिंगवाले घेईनात. विली स्टूक्स यांचं गॅरेजमधलं काम गेलं. ते घरीच गाड्या दुरुस्त करू लागले, आणि एक दिवस गाडी अंगावर पडून वारले. डीलेन यांचं घर १९५१ मध्ये जळालं. घर आमच्या हद्दीबाहेर आहे म्हणून बंबवाले बघत उभे राहिले.

हॅरी ब्रिग्ज १९८६ साली वारले, इलायझा १९९८ साली. २००४ मध्ये त्या दोघांना, डीलेन यांना आणि पिअर्सन यांना अमेरिकी काँग्रेसचं (तिथल्या संसदेचं) सुवर्णपदक देण्यात आलं. चौघांपैकी ते घ्यायला कोणीही हयात नव्हतं.

अलीकडे त्या लढ्यातल्या काही कुटुंबांनी मागणी केली आहे की 'ब्राऊन' ऐवजी हा निकाल 'ब्रिग्ज' या नावानं ओळखला जावा. मला ही मागणी रास्त वाटते. पदक कपाटात राहतं. निकालाचं नाव प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडी जातं, आणि ज्यानं त्या सहीसाठी घरची भाकरी घालवली त्याचंच नाव तिथं असायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

---

जिप_मास्तर

अनघाताई, फार महत्त्वाचा लेख. आम्ही डी.एड. ला हा निकाल दोन ओळींत शिकलो, त्यात समर्टन नव्हतं.

बसचा मुद्दा आमच्याकडे रोज दिसतो. मुलींना शाळेत नेणाऱ्या, मानव विकास योजनेच्या निळ्या बस सुरू झाल्या तेव्हा आमच्या भागातल्या सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली हायस्कूलला जायला लागल्या. मध्ये एक फेरी बंद झाली, तर त्या वाडीतल्या मुली लगेच गळाल्या. त्यामुळे 'बस मागितली' हे वाचताना ती लहान मागणी वाटली नाही.

एक प्रश्न. खटला आधी पोचला, मग नाव ब्राऊन यांचं कसं लागलं?

---

अनघा_कॅरोलायना

मास्तर, ब्रिग्ज खटला सुप्रीम कोर्टानं एकदा खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. तो पुन्हा वर येईपर्यंत कॅन्ससचा, म्हणजे ब्राऊन यांचा, खटला यादीत पुढे गेला होता. शिवाय न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी नंतर सांगितलं की हा फक्त दक्षिणेचा प्रश्न आहे असं दिसू नये म्हणून कॅन्ससचं नाव वर असणं बरं वाटलं. म्हणजे त्यामागे विचार होता. पण ज्यांनी सोसलं ते मागे पडले, हेही खरं.

---

माजी_हवालदार_सातारा

नमस्कार. मी पायदळातून निवृत्त. लेख दोनदा वाचला. सिगरेटच्या कार्टनपाशी अडलो.

सैन्यात असताना माणसाला आपली किंमत कळते. तुमच्या हातात यंत्र देतात, जबाबदारी देतात, चुकलं तर शिक्षा होते आणि जमलं तर पाठीवर हात पडतो. तिथून गावी आल्यावर कोणी 'तू खालचा' म्हणालं तर ते आधीसारखं गिळता येत नाही. माझ्या मते सही करायचं बळ ब्रिग्ज यांच्यात तिथून आलं असणार. नौदलात त्यांना बरोबरीनं वागवत होते का, हे कोणी सांगेल का?

---

नीरज_वाचतो

हवालदारसाहेब, नाही. त्या युद्धात अमेरिकेचं सैन्य रंगावरून विभागलेलंच होतं. नौदलात काळ्या माणसांना सुरुवातीला जहाजावरच्या मेसमधलीच कामं मिळत, १९४२ पासून इतर कामं थोडी खुली झाली. सैन्यातला भेद संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर.

त्या हुकुमामागेही एका परतलेल्या सैनिकाची गोष्ट आहे आणि ती याच राज्यातली आहे. आयझॅक वुडर्ड, सार्जंट. फेब्रुवारी १९४६ मध्ये सैन्यातून मोकळे झाले त्याच दिवशी गणवेशात बसनं घरी निघाले होते. ड्रायव्हरशी बोलाचाली झाली. बेट्सबर्ग गावात पोलीस प्रमुखानं त्यांना खाली उतरवून इतकं मारलं की दोन्ही डोळे कायमचे गेले. त्या पोलीस अधिकाऱ्यावर खटला झाला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं त्याला अर्ध्या तासाच्या आत सोडून दिलं.

तो खटला ज्यांच्यापुढे चालला ते न्यायाधीश वेटीज वेअरिंग. चार्ल्सटनच्या जुन्या, वजनदार गोऱ्या घराण्यातले. त्या निकालानं ते आतून हलले. आणि पाच वर्षांनी ब्रिग्ज खटला याच वेअरिंग यांच्यापुढे आला! वेगळ्या पण सारख्या शाळा मागू नका, वेगळेपणालाच आव्हान द्या, असं मार्शल यांना सुचवणारे तेच. तीन न्यायाधीशांचं पीठ बसलं, १९५१ मध्ये निकाल दोन विरुद्ध एक असा पालकांच्या विरोधात गेला. वेअरिंग यांनी वेगळं मत लिहिलं की मुळात वेगळं ठेवणं हीच असमानता आहे. तीन वर्षांनी सुप्रीम कोर्ट त्याच ठिकाणी पोचलं. वेअरिंग यांना मात्र चार्ल्सटनमध्ये राहणं अशक्य झालं, ते न्यूयॉर्कला गेले. आज चार्ल्सटनच्याच फेडरल कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे.

म्हणून मला वाटतं ब्रिग्ज यांच्याबरोबर वुडर्ड यांचंही नाव घेतलं पाहिजे.

---

माजी_हवालदार_सातारा

गणवेशात होता आणि डोळे फोडले. काय बोलू? नीरज, धन्यवाद.

---

दापोलीकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. निवृत्त सैनिकांनी मुलांच्या शाळेसाठी भांडणं, हे आमच्या दापोलीनं समर्टनच्या अर्धशतक आधी पाहिलं आहे.

दापोली कॅम्पात महार पेन्शनरांची वस्ती होती. पलटणीत असताना शिक्षण मिळालं होतं, कारण सैनिकांच्या मुलांसाठी सैन्यात शाळा असत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ही माणसं वाचणारी, अर्ज लिहिणारी होती. त्यांच्यातलेच गोपाळबाबा वलंगकर, निवृत्तीनंतर दापोलीत राहून वर्तमानपत्रांतून अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला या पेन्शनरांनी आपल्या मुलांना दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून सरकारदरबारी अर्ज केले. खूप झगडल्यावर मुलांना घेतलं, पण बसवलं कुठे, तर शाळेच्या ओट्यावर, व्हरांड्यात.

त्याच सुमाराला महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. म्हणजे ज्या दारातून शिक्षण आत आलं होतं तेच दार सरकारनं लावून घेतलं.

पुढे साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावाला घरून गोणपाट न्यावं लागायचं आणि शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. रामजी सुभेदार सैन्यातली इतकी वर्षं गाठीशी असलेला माणूस. त्यांच्या मुलाला वर्गात कोपरा मिळाला.

अमेरिकेशी धागाही खरा आहे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रो समाजातर्फे संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या, कारण इथल्या अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचा विचार होता. ड्यु बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तरही दिलं.

---

अनघा_कॅरोलायना

दापोलीकर, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका अशी माझी आग्रहाची विनंती. व्हरांड्यातली मुलं आणि नऊ मैल चालणारी मुलं, दोन्हीकडे बाप पेन्शनचे नाहीतर सैन्यातून सुटल्याचे कागद खिशात ठेवून अर्ज लिहीत होते.

---

स्पष्ट_बोलते

लेख चांगला आहे, पण मी अनघाशी सहमत नाही. निकालाचं नाव बदलून समर्टनच्या आजच्या मुलांना काय मिळणार?

निकालानंतर काय झालं ते बघा. गोऱ्यांची मुलं सरकारी शाळेत काळ्या मुलांबरोबर बसलीच नाहीत. १९६५ मध्ये गोऱ्या पालकांनी क्लॅरेंडन हॉल ही खाजगी शाळा काढली आणि मुलं तिकडे हलवली. सरकारी शाळेत जवळजवळ सगळी काळी मुलं उरली. ज्या गावातून लढा सुरू झाला तिथेच वेगळेपण दुसऱ्या रूपात चालू राहिलं. मग पदक, पुतळा, नाव हे सगळं ज्यांनी अन्याय केला त्यांच्या वारसांना मोकळं करायला आहे असं मला वाटतं. सन्मान करायचाच तर त्या शाळेला शिक्षक द्या, पैसा द्या.

---

वकील_वाटसरू

स्पष्ट_बोलते यांच्या मुद्द्याला कायद्याची बाजू जोडतो, कारण 'निकालानंतर काय झालं' याचं उत्तर दुर्दैवानं ब्रिग्ज यांच्याच खटल्यात आहे.

१९५५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंमलबजावणी खालच्या कोर्टांवर सोपवली. ब्रिग्ज खटला परत खाली आला तेव्हा न्यायाधीश पार्कर यांनी लिहिलं की घटना भेदभावाला मनाई करते, एकत्र बसवण्याची सक्ती करत नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी हे वाक्य ढालीसारखं वापरलं आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं काढली. समर्टनच्या गोऱ्या शाळेत पहिली काळी मुलं १९६५ मध्ये गेली. सह्या झाल्या तेव्हा शाळेत असलेली मुलं तोवर मोठी होऊन कामधंद्याला लागली होती.

साउथ कॅरोलायनाची तयारी तर याहून पुढची. निकाल विरोधात गेला तर सरकारी शाळाच बंद करता याव्यात म्हणून राज्याच्या घटनेतलं शाळा चालवण्याचं बंधन काढून टाकायला मतदारांनी १९५२ मध्येच मंजुरी दिली होती.

तरीही मी नावाच्या बाजूनं आहे. पार्कर यांच्या त्या वाक्याला कायद्याच्या पुस्तकात ब्रिग्ज यांचं नाव लागलेलं आहे. अडवणुकीला त्यांचं नाव आणि विजयाला दुसऱ्याचं, हे मला खटकतं.

---

अनघा_कॅरोलायना

वकीलसाहेब, शेवटच्या ओळी वाचून अंगावर काटा आला.

स्पष्ट_बोलते, शाळेला पैसा हवा हे शंभर टक्के मान्य. पण एक गोष्ट सांगते. राज्यानं १९५१ मध्ये तेच करून पाहिलं होतं. खटला उभा राहिल्याबरोबर गव्हर्नर बर्न्झ यांनी तीन टक्के विक्रीकर बसवला, साडेसात कोटी डॉलरचे रोखे काढले आणि काळ्या मुलांसाठी नव्या इमारती बांधायला घेतल्या. समर्टनच्या स्कॉट्स ब्रांच शाळेलाही नवी पक्की इमारत मिळाली. आधी काउंटीत एका गोऱ्या मुलावर वर्षाला १७९ डॉलर खर्च व्हायचे आणि काळ्या मुलावर ४३, त्या मानानं ही केवढी मोठी गोष्ट! हेतू इतकाच की मुलांनी वेगळं राहावं आणि तक्रार करू नये.

ब्रिग्ज यांची नोकरी गेलेली होती. नवी शाळा समोर उभी होती. मिळालं तेवढं पुरे म्हणून ते आणि इतर पालक तिथं थांबू शकले असते, कोणी नावं ठेवली नसती. ते थांबले नाहीत. मला त्यांचा सन्मान याच टप्प्यासाठी जास्त करावासा वाटतो. आणि म्हणून पैसा एकीकडे, नाव दुसरीकडे असं मला तोडता येत नाही.

---

स्पष्ट_बोलते

इमारतींची गोष्ट माहीत नव्हती. नावाबद्दल माझं मत तेच आहे, पण 'ते थांबले नाहीत' हा मुद्दा पटला.

आणखी एक. या सगळ्यात इलायझाचं नाव नेहमी नवऱ्यामागे येतं. मोटेलातलं काम तिचं गेलं, ब्रिग्ज फ्लोरिडाला गेल्यावर पाच मुलांचं घर तिनं चालवलं. पदकावर तिचं नाव आहे हे वाचून बरं वाटलं. लेखाच्या शीर्षकात मात्र नाही.

---

अनघा_कॅरोलायना

खरं आहे. संपादकांना शीर्षक बदलायची विनंती करते, 'हॅरी आणि इलायझा ब्रिग्ज' असं.

आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांना ही गोष्ट सांगणार आहे. मास्तर, तुम्ही वर्गात कशी मांडाल? या खटल्यात पुरावा म्हणून मांडलेला, मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांचा बाहुल्यांचा प्रयोग घ्यावा का? त्यांनी क्लॅरेंडनच्या १६ काळ्या मुलांपुढे गोरी आणि तपकिरी बाहुली ठेवली. १० मुलांना गोरी आवडली आणि ११ जणांनी तपकिरी बाहुली 'वाईट दिसते' असं सांगितलं. लहान मुलांना ते जड जाईल का?

---

जिप_मास्तर

बाहुल्या आठवीच्या वरच्या मुलांना, आणि त्याही चर्चेला पूर्ण वेळ असेल तरच. अर्धवट सोडलं तर मुलं घरी वेगळंच काहीतरी घेऊन जातात.

लहानांना बसपासून सुरू करा. जमिनीवर नऊ मैल म्हणजे कुठपासून कुठपर्यंत हे त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावर दाखवा. आमच्याकडे मी तालुक्याचा नकाशा लावेन. मग सह्यांची गोष्ट. वर्गात कागद फिरवून प्रत्येकाला विचारा की सही केली तर बाबांची नोकरी जाणार आहे, करशील का? उत्तर कोणतंही आलं तरी ओरडू नका.

आणि मुलं हमखास विचारणार, 'मग बस आली का?' त्याचं उत्तर तयार ठेवा.

---

अनघा_कॅरोलायना

आली. १९५१ च्या त्याच कायद्यानं शाळेच्या बस राज्यानं आपल्या हाती घेतल्या आणि काळ्या मुलांनाही मिळू लागल्या. पण ती बस जायची वेगळ्याच शाळेत.

---

जिप_मास्तर

मग दोन तासिका लागतील. पहिलीत बस आणि सह्या, दुसरीत नवी इमारत. पाचवीला दुसरी तासिका नको, सातवीला नक्की घ्या. दापोलीचा भाग मी आमच्या शाळेत जोडतो, नकाशा तोच वापरता येईल.